चिमट्यावरचा तिरका ओरखडा

फार पूर्वी, नदीच्या एका वळणावर, जिथे कोंबड्याच्याही आधी लोखंड घासायची कानस जागी होई, असं एक गाव होतं. तिथे घरोघर घडीचे चाकू बनत. उघडला तर ऊस सोलावा आणि मिटला तर मुठीत लपावा, असा चाकू. पातं भट्टीपाशी घडे. पात्याखेरीज जे काही, म्हणजे खिळे, चकत्या आणि कमरेला अडकवायचा चिमटा, त्याला गावकरी साज म्हणत. साज घासायची जागा खिडकीपाशी, उन्हात.

आरशासारखी चमक या गावाला आवडत नसे. आरशावर बोट लागलं की ठसा उमटतो. त्यांना हवा असे मऊ, रेशमी ओप: केसाहून बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेने, ताणलेल्या धाग्यांसारख्या. त्यासाठी लाकडी ठोकळ्याला चामडं गुंडाळायचं, त्यावर तेलात कालवलेली दगडाची पूड लावायची आणि एकाच दिशेने ओढायचं. टोकाला पोचलं की ठोकळा उचलून पुन्हा सुरुवातीला टेकवायचा. आधी जाड पूड, मग मधली, मग पिठासारखी बारीक.

गावची एक रीत होती. मुलगी सासरी निघाली की तिच्या कमरेला नवा चाकू असायचा. पातं भावाने घडवायचं, साज भावजयीने घासायचा. सासू तो चाकू दारात उन्हात धरून बघे. रेघा सरळ असल्या तर म्हणे, "लाडाची आहे हो माहेरची!" आणि रेघा वाकड्या असल्या तर काही म्हणत नसे. पण ते न म्हणणं मुलीला जन्मभर पुरे.

या गावातल्या एका घरात एक वहिनी होती आणि तिची एक नणंद. वहिनी कुंभारांच्या गावाहून आलेली. लग्नानंतर पहिलाच चिमटा तिच्या हाती आला, तेव्हा तिने तो खसाखसा, गोल गोल घासला. नणंदेने तो उचलला आणि थेट पाणवठ्यावर नेला.

"बघा गं! आमच्या वहिनीने चिमटा नाही, तवा घासलाय!"

सगळा पाणवठा हसला. वहिनीही हसली. पुढे कितीतरी दिवस बायका तिला "तवेवाली" म्हणत, आणि ती दर वेळी हसत राहिली. मग तिने परसात बसून एकटीने काम शिकून घेतलं. नणंद तिच्यासाठी जत्रेतून बांगड्या आणू लागली, तिच्या केसांना तेल लावू लागली. वहिनी तिला डिंकाचे लाडू करून घालू लागली. दोघी एकमेकींशी फार गोड बोलत. फक्त खिडकीपाशी दोघी कधी एकत्र बसल्या नाहीत.

नणंदेचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी पाठवणी होती. दुपारी वारा फिरला की नदीतून नाव जात नसे, म्हणून त्याच्या आत निघायला हवं होतं. वहिनी पहाटेपासून चिमटा घासत होती. बारीक पुडीचा हातही फिरवून झाला. शेवटी तिने चिमटा पुसून उन्हात धरला, आणि तिचा हात तिथेच थांबला. सरळ रेघांच्या मधोमध एक तिरका ओरखडा होता. जाड पुडीतला एखादा खडा फिरला असणार.

तिने आणखी बारीक पूड घेतली आणि भराभर ठोकळा ओढला. आजूबाजूचं लोखंड जसजसं मऊ दिसू लागलं, तसतसा ओरखडा अधिकच उठून दिसला.

तिचा नवरा दारातून डोकावला. "अगं, झालं का? नावाडी ओरडतोय."

"अहो, ओरखडा आहे."

"तूप फास थोडं. तुपाने भरून निघेल. विहीणबाईंची नजर तशीही अधू आहे!"

"आणि तूप पुसलं गेल्यावर?"

"तोवर नाव पैलतीराला!" असं म्हणून तो वऱ्हाडाला आणखी एकेक जिलबी वाढायला पळाला.

वहिनीने तुपाच्या वाटीकडे पाहिलं. बोट बुडवलंही. तेवढ्यात नणंद आत आली. नवा शालू, हिरवा चुडा, हातांवर हळदीचे डाग.

"वन्सं, तुम्ही बाहेर बसा बरं. शालूला तेल लागेल."

"लागू दे. दाखवा तरी." नणंदेने चिमटा उन्हात धरला. "हा बारीक पुडीने नाही जायचा, वहिनी. जाड पुडीवर मागे जावं लागेल."

"कळतंय मला. पण मागे गेले तर पहाटेपासूनचं सगळं पुसलं जाईल. आणि नाव?"

नणंदेने चिमटा हातात फिरवला, पुन्हा फिरवला. मग हळूच म्हणाली, "वहिनी, तो तवा."

"कुठला तवा? ते मी केव्हाच विसरले हो." आवाज साखरेसारखा होता.

"नाही विसरलात. मीही नाही. वर्षभर बांगड्या आणतेय, तेल लावतेय. नुसती बारीक पूड. वर सगळं मऊ होतंय आणि तो ओरखडा जास्तच दिसतोय." तिने श्वास घेतला. "ही खिडकीतली जागा माझी होती. लहानपणापासून. तुम्ही आलात आणि दादाने ती तुम्हाला दिली. मला राग आला, म्हणून मी तुमचं हसं केलं. मी चुकले."

वहिनीच्या आवाजातली साखर संपली.

"त्या दिवशी मी रिकामी घागर घेऊन घरी आले होते, ठाऊक आहे? भरायला उभं राहवेना. तुमचा फार राग आला होता, वन्सं. अजून आहे!"

"मग बोला ना!"

"बोलतेच आहे! दुष्ट कुठल्या! आणि लाडू खाताना लाज नाही वाटली?"

"वाटली. पण लाडू चांगले होते."

वहिनीला रडता रडता हसू फुटलं. तिने तुपाचं बोट पदराला पुसलं आणि जाड पुडीचा डबा ओढला. खर्रर्र आवाज झाला. पहाटेपासूनचा मऊपणा क्षणात गेला, आणि त्याच्याबरोबर ओरखडाही गेला. वहिनी ठोकळा ओढत होती, नणंद पुसून उन्हात धरत होती. खिडकीत दोघींना जेमतेम जागा पुरत होती.

आणि वारा फिरला.

बाहेर गलका झाला. नवरीची सासू तरातरा आत आली. पाहते तर सून कोपरापर्यंत काळी!

"हे काय गं सूनबाई? नाव चुकली ना!"

नणंद घाबरून उठली. वहिनीने तिला हाताला धरून खाली बसवलं. "विहीणबाई, माझ्यामुळे उशीर झाला. चिमट्यावर ओरखडा राहिला होता. तुपाने झाकणार होते, पण नाही झाकला." आणि मग तिने आपण होऊन तव्याची सगळी गोष्ट सांगितली, पाणवठ्यासकट. नणंदेने मान खाली घातली, पण एकही शब्द खोडला नाही.

सासू आधी हसली. मग हसता हसता थांबली.

"आता नाव उद्याच," ती म्हणाली. "मला एक पाट द्या. आजवर दारात उभी राहून चाकू पारखले, पण होतात कसे ते कधी पाहिलंच नाही."

त्या संध्याकाळी वऱ्हाड पुन्हा जेवलं. नवऱ्या मुलाने दोन्ही घरच्या मंडळींना गाऊन दाखवलं. फार वाईट गायला, म्हणून सगळ्यांनी पुन्हा गायला लावलं.

सकाळी सासूने चाकू उन्हात धरला. रेघा रेशमाच्या धाग्यांसारख्या सरळ होत्या. ती नेहमीचं वाक्य बोलली नाही. तिने चाकू सुनेच्या कमरेला अडकवला आणि वहिनीचे काळे हात आपल्या हातांत धरले.

नाव काठापासून सुटली, तशी सासू नावाड्याला म्हणाली, "आधी माझ्या माहेरच्या घाटाला घे."

"आक्का, तो तर वरच्या अंगाला. उलट्या दिशेला."

"ठाऊक आहे. तिथे माझी भावजय राहते. किती वर्षांत बोललो नाही आम्ही. तू वल्हं मार."

तात्पर्य एवढंच: खोल ओरखडा वरवरच्या गोडव्याने जात नाही. जिथे तो पडला तिथवर मागे जावं. पुढची वाट तिथूनच सरळ होते.