मोगऱ्याची माती कढईत

एकदा एका बंदराच्या गावी एक वृद्ध वृक्षवैद्य राहत असत. गाव पानमळ्यांचे होते. नागवेलीच्या मुळांना रोग लागला की तो एका मळ्यावर थांबत नाही, हे तिथले शेंबडे पोरही जाणत होते. म्हणून गलबतातून उतरणारे प्रत्येक रोप आधी वैद्यांच्या हाताखालून जाई. ते सोबतचे पत्र वाचत, पाने उलटसुलट निरखत, मुळे धुऊन पाहत. मुळांभोवतीची परकी माती त्यांचा तरुण शिष्य समुद्रात फेकून देई. नियमच तसा होता, आणि शिष्याचे नियमावर फार प्रेम होते. माणसांपेक्षा जरा जास्तच.

पुढे वैद्यांच्या नातवाचे लग्न ठरले, तेही समुद्रापलीकडच्या मुलीशी. नवरी गलबतातून उतरली ती मोगऱ्याची कुंडी उराशी धरून. तिच्या देशी चालच होती की लेकीने सासरी जाताना आईच्या अंगणातला मोगरा तिथल्या मातीसकट न्यावा. सोबत तिकडच्या वैद्याचे मोहर लावलेले पत्रही होते.

सारा धक्का पाहू लागला. घरच्या नवरीला आजोबा अडवतात की सोडतात? मळेवाले गालात हसत होते खरे, पण त्यांची नजर कुंडीवरून हलत नव्हती.

शिष्याने पत्र वाचले. "गुरुजी, रोप निरोगी आहे म्हणतात."

"रोपाचं कळलं. मातीचं काय लिहिलंय?"

मातीविषयी चकार शब्द नव्हता. शिष्याने लगेच कुंडीला हात घातला. नवरीने ती अधिकच घट्ट धरली.

"आजोबा, हवं तर झाड ठेवून घ्या," ती म्हणाली, "पण माती नका हो टाकू. याच मातीवर मी चालायला शिकले."

वैद्यांनी शिष्याचा हात बाजूला केला. कुंडी स्वतः घेतली आणि ते तडक लग्नाच्या स्वयंपाकाकडे गेले. आचाऱ्याची शिऱ्याची कढई चुलीवर चढवली, कुंडीतली सारी माती तिच्यात ओतली आणि पाण्याचा हबका मारत उलथन्याने परतायला सुरुवात केली.

मंडपात हशा पिकला. "अगं बाई, नवरीला मातीचा शिरा!" विहीणबाई म्हणाल्या, "वेलची घालायची का?" आचाऱ्याने कपाळाला हात लावला. "ही कढई आता तुम्हालाच लखलाभ!" रडवेली नवरीसुद्धा खुदकन हसली. शिष्याला मात्र मेल्याहून मेल्यासारखे झाले.

माती वाफाळली, रोगाचा जीव जाईल इतकी तापली, मग निवली. वैद्यांनी धुतलेल्या मुळांचा मोगरा त्याच मातीत लावला आणि धक्क्यावर संशयित रोपे वेगळी ठेवायच्या जाळीबंद खोपटात ठेवला.

"गुरुजी, फेकली असती तर क्षणाचं काम होतं," शिष्य पुटपुटला. "आणि सोडलीच असती, तर घरातलं कोणी बोललं नसतं."

वैद्य म्हणाले, "सोडली असती तर मळ्यांचा अपराधी झालो असतो. फेकली असती तर या पोरीचा. अरे, व्यापारी झाड आणतो, माती नुसती सोबत येते. हिनं माती आणली आहे. झाड सोबत आलंय. नियमाला रोग नको असतो, बाळा. माहेराशी त्याचं वैर नाही. दोन्ही वेगळे करायला थोडं सरपण जाळावं लागतं, एवढंच."

मोगऱ्याला नवी पालवी फुटली. वैद्यांनी पानन् पान तपासले आणि तो निर्दोष ठरवला. मग तो वाजतगाजत घरी निघाला, आणि सनईवाल्याच्या मागे सर्वांत पुढे होते मळेवाले! उंबऱ्यावर बायकांनी नवरीला अडवले, "नाव घे!" ती कुंडी सावरत म्हणाली,

"माहेरची माती भाजली सासरच्या चुलीवर,
भार्गवरावांचं नाव घेते मोगऱ्याच्या कळीवर."

वैद्य इतके हसले की त्यांना खाली बसावे लागले.

पुढच्या गलबतातून एक म्हातारी उतरली. हातात तुळशीचे रोप, मुळांशी ओली माती. शिष्य पुढे झाला. पत्र वाचले, पाने पाहिली. मग सवयीने मातीकडे गेलेला हात त्याने मागे घेतला.

"आजी," त्याने विचारले, "झाड आणलंत, की माती?"

 म्हातारीने रोप ओल्या मातीसकट छातीशी धरले. शिष्य वळला आणि चूल पेटवायला गेला.