वाळू कोणी घातली?

एका खाडीच्या तोंडाशी एक गाव होतं आणि त्या गावात हरेश्वर नावाचा एक तांडेल राहत होता. तांडेल म्हणजे होडी हाकणारा. हरेश्वर कामाला वाघ होता, पण राग त्याच्या नाकाच्या शेंड्यावर बसलेला असे. भात करपला की तो बायकोवर चिडे, ओहोटी लवकर लागली की समुद्रावर चिडे, आणि कोणीच सापडलं नाही तर मांजरावर चिडे. गाव हसून म्हणे, स्वभावाला औषध नाही. असं म्हणून गावानं मोठी चूक केली. एखाद्याचा राग हसण्यावारी नेला की तो राग आपला हक्कच आहे असं त्याला वाटू लागतं.

गावासमोर खाडीपलीकडे एक बेट होतं. बेटावर देवीचं देऊळ होतं आणि पांढऱ्या वाळूची पुळण होती. भाविक येत, सुटीचे पाहुणे येत, आणि गावचे तांडेल त्यांना पलीकडे नेऊन सोडत. त्या गावाची एक रीत होती. प्रवाशाला पाण्यात उतरवायचं नाही. तांडेल आपली होडी जोरात आणून थेट पुळणीवर चढवी आणि माणूस कोरड्या पायांनी खाली उतरे. ज्याच्या प्रवाशाचा पाय भिजला त्या तांडेलाची टिंगल आठ दिवस चाले. हरेश्वरची टिंगल तीस वर्षांत एकदाही झाली नव्हती आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता.

एका वर्षी हरेश्वरने आपल्या दोन्ही जुन्या होड्या विकल्या आणि नवी कोरी जेट बोट आणली. आता ही बोट चालली तरच त्याचं घर चालणार होतं. या बोटीला बाहेर पंखा नसतो. तिच्या पोटाखाली एक जाळी असते. त्या जाळीतून ती पाणी आत ओढते आणि मागे जोरात फेकते, म्हणून ती पळते. त्यातलंच थोडं पाणी एका नळीतून इंजिनाभोवती फिरतं आणि इंजिन थंड ठेवतं. बोटीबरोबर एक पुस्तकही आलं होतं. कमरेपेक्षा कमी पाण्यात इंजिन चालवू नये, असं त्यात चित्र काढून सांगितलं होतं. हरेश्वरने त्या पुस्तकाला हळदकुंकू लावलं आणि ते न उघडता देवघरात ठेवून दिलं.

पहिले तीन दिवस बोट वाऱ्यासारखी पळाली. हरेश्वर ती बेटावर नेई, ऐटीत पुळणीवर चढवी, आणि परत निघताना मागे जोर लावून वाळूतून ओढून काढी. पाण्यातली वाळू ढवळून निघे. बघणारे तोंडात बोट घालत. चौथ्या दिवशी परत येताना सुकाणूपाशी लाल दिवा लागला आणि भोंगा टीं टीं वाजू लागला. इंजिन तापलं आहे, असं बोट सांगत होती.

हरेश्वरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवी बोट आणि तक्रार करते म्हणजे काय? त्याने आधी तेलवाल्याला धरलं. तेल भेसळीचं दिलंस, म्हणून चार लोकांत त्याचे वाभाडे काढले आणि तेल बदललं. भोंगा वाजलाच. मग त्याला शेजाऱ्यांच्या नजरेची शंका आली. त्याने नाळेला, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, लिंबू-मिरची बांधली आणि शेजाऱ्यांशी बोलणं टाकलं. भोंगा वाजलाच. मग त्याने बोट विकणाऱ्या दुकानाला फोन करून इतकं झापलं की दुसऱ्याच दिवशी त्यांचा माणूस शहरातून धावत आला.

त्या माणसाने धक्क्याजवळच्या खोल पाण्यात तासभर इंजिन चालवून पाहिलं. काहीच वाजलं नाही. भोंगा नेमका कुठे वाजतो, त्याआधी बोट कुठे गेलेली असते, असं त्याने विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. त्या प्रश्नाचं नीट उत्तर दिलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण हरेश्वर खवळला. मी काय खोटं बोलतो, बोट मी चालवतो की तू, असं म्हणत तो अंगावर धावून गेला. बिचारा घाबरला. त्याने तापमान मोजणारा एक सुटा भाग बदलला, कागदावर सही घेतली आणि मिळेल ती गाडी पकडून पळाला. दोन दिवसांनी भोंगा पुन्हा वाजला. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण अशाच माणसासाठी केली असावी. फरक इतकाच की याने अंगण तीन वेळा खणून घेतलं.

शेवटी त्याने पास्कू मेस्त्रीला बोलावलं. चर्चच्या मागे पास्कूचं छोटं गॅरेज होतं. पाच गावांतली इंजिनं त्याच्याकडे येत. तो बोले कमी आणि ऐके फार. त्याने कोणाला दोष दिला नाही. तो हरेश्वरबरोबर बोटीतून एक फेरी मारून आला. बोट पुळणीवर कशी चढते ते त्याने पाहिलं. परत धक्क्याला आल्यावर त्याने पाण्याची नळी सोडवली आणि खाली वर्तमानपत्र धरलं. नळीतून ओंजळभर ओली पांढरी वाळू खाली पडली. धक्क्यावर मासळीचा लिलाव चालू होता, चाळीसएक माणसं जमलेली होती. म्हणून पास्कूने हरेश्वरला बाजूला घेतलं आणि त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं सांगितलं.

"तांडेलानू, इंजिनाक काय झाला नाय. नळीत वाळू भरली हा. बोट पुळणीर चढवू नकात, कमरभर पाण्यातच थांबवा."

हरेश्वरला त्या क्षणी सगळं कळलं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे गावात पुष्कळांनी त्याची बाजू घेतली. बिचाऱ्याला समजलंच नाही हो, असं म्हणाले. साफ खोटं. भोंगा फक्त बेटावरून परत येताना वाजतो, हे त्याला पहिल्या भोंग्यापासून दिसत होतं. पण पास्कूचं खरं मानायचं तर पाहुण्यांना कमरभर पाण्यात उतरवायला हवं होतं. तीस वर्षांचा मान जाणार होता, आणि नव्या बोटीचं वाटोळं आपल्याच हातांनी चाललं होतं हे कबूल करावं लागणार होतं. तेवढं त्याच्याने होईना. मग जे त्याला सहज येत होतं ते त्याने केलं. तो सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला.

"वाळू तूच घातलंस! माझी बोट इली, तशी तुझ्या पोटात दुखाक लागला."

लिलाव थांबला. पास्कूने एकवार हरेश्वरकडे पाहिलं आणि मग त्या चाळीस माणसांकडे पाहिलं. त्यातल्या निम्म्यांची इंजिनं त्याने भर पावसात छातीभर पाण्यात उभं राहून दुरुस्त केली होती. त्यातला एकजण जरी, हरेश्वर, तोंड सांभाळ, असं म्हणाला असता तर पुरे होतं. कोणी बोललं नाही. कोणीतरी खोकलं, कोणीतरी हसलं, आणि लिलाव पुन्हा सुरू झाला. पास्कूने नळी जागेवर घट्ट बसवली, हात पुसले आणि तो घरी गेला.

एकदा उडालेला चिखल कुठे थांबतो? चार दिवसांनी एकजण पास्कूकडे आपलं इंजिन घेऊन आला आणि वाळू नको हां घालू, म्हणून हसला. दुसरा आला, त्यानेही तोच विनोद केला. तिसरा तर दुरुस्ती संपेपर्यंत समोर स्टूल टाकून पहारा देत बसला. पास्कूने त्याचं काम पूर्ण करून दिलं. मग त्याने गॅरेजला कुलूप लावलं आणि तो दूरच्या एका बंदरात मोठ्या बोटींच्या कारखान्यात नोकरीला निघून गेला. त्याची बायको फिलोमीन घर राखायला गावातच राहिली.

इकडे हरेश्वरने भोंग्याचा बंदोबस्त केला. त्याने पक्कड घेतली आणि भोंग्याची तार तोडली. लाल दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली. आता सगळं शांत झालं. तो जाईल तिथे सांगू लागला, पास्कू गेला आणि बोट सुधारली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. आणि तो बोट पूर्वीसारखीच पुळणीवर चढवत राहिला.

पास्कूला जाऊन पंधरा दिवस झाले. भर दुपारी, बारा प्रवासी घेऊन येताना, खाडीच्या मध्यावर बोटीतून धूर निघाला. इंजिनाने एक हिसका दिला आणि ते बंद पडलं. ओहोटी जोरात होती. बोट खाडीच्या तोंडाकडे, फुटणाऱ्या लाटांकडे वाहत निघाली. बोटीत बायका होत्या, एक तान्हं मूल होतं. ती सगळी माणसं रडू लागली. हरेश्वर त्यांच्यावर ओरडला, गप्प बसा म्हणून. जाळी टाकून परतणाऱ्या दोन होड्यांनी दोर फेकले म्हणून सगळे वाचले. धक्क्यावर उतरताना त्या तान्ह्या मुलाच्या आईने हरेश्वरकडे नुसतं पाहिलं. तो दोर सोडवण्याच्या कामाला लागला.

दुकानाला फोन केला तर त्यांनी फोन ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी हरेश्वरने स्वतःच ती नळी सोडवली. वाळू पडू लागली. ओंजळ भरली, तरी पडतच राहिली. पास्कूने बसवल्यापासून त्या नळीला कोणी हात लावलेला नव्हता. पास्कू शंभर कोस दूर होता. बोटीजवळ हरेश्वरखेरीज दुसरं कोणी फिरकलंही नव्हतं. आता ओरडायचं तर कोणावर?

जाम झालेलं ते इंजिन उघडून पुन्हा चालू करू शकेल असा माणूस त्या किनाऱ्यावर एकच होता. हरेश्वर गावाची नजर चुकवून मागच्या पाणंदीने फिलोमीनच्या घरी गेला. ती अंगणात सुकी मासळी उलटत होती. वयनी, माझं चुकलं, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. बोट बंदच राहिली तर मुलंबाळं उघडी पडतील, पास्कूला एकदा बोलावून घ्या, म्हणून त्याने हात जोडले. फिलोमीनने त्याला बसायला पाट दिला, प्यायला पाणी दिलं. त्याचं सगळं ऐकून घेतल्यावर ती बोलली.

"आळ घातलास तो धक्क्यार. माफी पण थयच मागा. लोकांनी आयकली काय, मी लगेच त्यांका फोन करतंय."

यात अवघड काय होतं, सांगा. नळीतली वाळू आपलीच आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. लहान पोरसुद्धा म्हणून मोकळं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिलाव भरला होता तेव्हा हरेश्वर धक्क्यावर आला. तीच चाळीस माणसं होती. तो लिलावाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बघून सगळे त्याच्याकडे वळले. त्याने घसा खाकरला.

"पास्कून ती वाळू..."

तो तिथे अडकला. तेवढ्यात टोपल्यांमागून कोणीतरी त्याचं वाक्य पुरं केलं.

"घातल्यान! असाच मा?"

सगळा धक्का हसला. हरेश्वरच्या तोंडाशी एक शब्द आला होता. नाही, एवढा एकच शब्द. जन्मभर ज्या आवाजाने त्याने बायकोला, तेलवाल्याला आणि मांजराला घाबरवलं, तो आवाज आज एकदा लावायचा होता. ज्यांनी खोटं धरून ठेवलं होतं त्यांच्यावर एकदा ओरडायचं होतं. राग कधी नव्हे तो खऱ्या कामाचा होता. आणि त्या दिवशी, चाळीस माणसांसमोर, हरेश्वर तांडेल त्यांच्याबरोबर हसला.

बातमी दुपारपर्यंत फिलोमीनच्या घरी पोचली. तिने फोन लावला नाही. हरेश्वरची बोट धक्क्याच्या कडेला निळ्या ताडपत्रीखाली पडून राहिली. पुढे हरेश्वर दुसऱ्याच्या होडीवर कामाला लागला. त्या होडीचा तांडेल तरुण होता आणि जरा तापट होता. तो ओरडला की हरेश्वर मान खाली घालून ऐकून घेई.

तात्पर्य: खरं सांगणाऱ्यावर जो भडकतो तो शूर नसतो, भित्रा असतो, आणि चारचौघांत घालवलेली दुसऱ्याची अब्रू चारचौघांतच परत द्यावी लागते, मागच्या दाराने नाही.