दोन डब्यांतलं मीठ

भांडी हाकेला ओ देत, त्या काळी सोनाक्काच्या स्वयंपाकघरात मसाल्याचे दोन डबे होते, रोजचा आणि उपवासाचा. दोन्हींत मिठाची वाटी होती. रोजच्यात साधं मीठ, उपवासाच्यात सैंधव. सोनाक्का हवा तो डबा उघडून नुसतं "मीठ" म्हणे, आणि त्या डब्यातली वाटी पुढे येई.

एकादशीला ती हाक ऐकून रोजच्या वाटीचा जळफळाट होई. "वर्षभर भाजी-आमटी मी सांभाळायची, आणि एकादशीला माझं नाव हिनं मिरवायचं?"

शेजारची हळद म्हणाली, "अगं, नाव तिचंही तेच आहे."

पुढच्या एकादशीला रोजच्या वाटीने आतून धक्का देऊन आपल्या डब्याचं झाकण पाडलं. सोनाक्काने न बघताच हाक मारली आणि रोजची वाटी आधी धावली.

खिचडीचा घास घेतल्यावर सोनाक्काला सैंधवाची वाटी दिसली, काठोकाठ भरलेली. तिने ताट सारलं. "उपास मोडला. चूक माझीच, हाक अर्धी मारली."

दुसऱ्या दिवशी आमटीला तिने हाक मारली, "रोजच्या डब्यातलं मीठ."

वाटी पुढे गेली खरी, पण नुसत्या "मीठ" या हाकेसाठी मात्र ती जन्मभर कान देऊन बसली.