गोणपाटाखालची ठिणगी

"बॅटरी भरलीय, कॉइल नवी, प्लग नवा... मग ठिणगी का पडत न्हाई, वस्ताद?"

इलाही वस्तादांनी मान वर केली नाही. गडहिंग्लजच्या स्टँडामागं त्यांचं गॅरेज होतं, आता बंदच असायचं. त्याच्याच पत्र्याखाली ते घमेल्यात रॉकेल घेऊन जुने नट धूत बसले होते. ते नट कुणाला नको होते. हाताला मात्र काम हवं होतं.

शिवगोंडा घामानं निथळत होता. तो ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला. जुन्या बुलेटला हात लावावा तर शिवगोंडानंच, असं तालुका म्हणायचा, आणि तालुक्याच्या आधी शिवगोंडा म्हणायचा. आज तो एका गिऱ्हाइकाची बापजाद्यांच्या वेळची बुलेट टेंपोत घालून इथवर आला होता.

"गिऱ्हाईक काय म्हणतंय?"

"काय म्हणणार? दिवाळीपासनं गाडी अडलीय. शिव्या देतंय. मीबी दिल्या. काल त्याच्या अंगावर पाना उचलला."

"हं..."

"बाकीचे आपापल्या गाड्या घेऊन दुसरीकडं गेले. जाईनात! माझ्यावाचून कुणाचं चाललंय?"

वस्तादांनी एक नट उजेडाला धरून बघितला.

"रायगोंडा कुठाय?"

हाच प्रश्न शिवगोंडाला नको होता. रायगोंडा त्याचा थोरला भाऊ. गाडीदुरुस्तीचं दुकान दोघांचं.

"आण्णा संकेश्वरला. साडूच्या किराणा दुकानात. पावसाळ्यात गेला तो परत आलाच न्हाई."

"का गेला?"

"मी काय हाकललं न्हाई त्याला."

वस्तादांनी दुसरा नट रॉकेलात बुडवला.

"...एकदा चार माणसांत बोललो. बसून खातोयस म्हणालो. खोटं बोललो का? हातात कधी पाना धरला न्हाई त्यानं. दिवसभर दारात खुर्ची टाकून बसायचा. कोण तावातावानं आला की त्याला बसवायचा, च्या पाजायचा, त्याच्या शिव्या ऐकून घ्यायचा. माझ्याबी ऐकायचा. आता ह्याला काय काम म्हणायचं?"

"मग तो काय म्हणाला?"

"काय न्हाई. कपबश्या विसळून पालथ्या घातल्या... आणि गेला."

वस्ताद गुडघ्यावर हात देऊन उठले. खुंटीवरचं गोणपाट काढलं, फळीवरच्या डब्यातनं काहीतरी उचलून खिशात टाकलं.

"प्लग काढून हेडवर टेकीव. पॉइंटचं झाकण उघड."

दुपारचं ऊन होतं. उन्हात ठिणगी नीट दिसत नाही, म्हणून जुने मिस्त्री इंजिनावर गोणपाट टाकून आत डोकं घालतात. नवे घालत नाहीत, त्यांचे केस बिघडतात.

दोघांची डोकी एका गोणपाटाखाली गेली.

"किक दाब. हातानंच."

शिवगोंडानं दाबली. करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या पॉइंटवर चांगली टपोरी ठिणगी उडाली. पुन्हा दाबली, पुन्हा उडाली.

"बघा की! करंट कसा मारतोय!"

"प्लगाकडं बघ."

प्लगावर काळोख.

"नको तिथं लखलखाट, पायजे तिथं अंधार," वस्ताद पुटपुटले. "पॉइंटाशेजारी ही डबी कसली रं?"

"कंडेन्सर."

"बदललास?"

"त्याला काय बदलायचंय? ना हलतोय, ना फिरतोय. नुसता बसून..."

शिवगोंडाची जीभ अडखळली.

वस्तादांनी मान वळवून त्याच्याकडं बघितलं.

"वस्ताद, गाडीचं बोला."

"गाडीचंच बोलतोय."

वस्तादांनी खिशातनं दुसरा कंडेन्सर काढला. वापरलेलाच, पण धड. जुन्याची वायर सोडवली आणि हा तारेनं बाहेरनंच बांधला. म्हाताऱ्या हातांना वेळ लागला. शिवगोंडाला मदत करावीशी वाटली, पण त्याचा हात पुढं गेला नाही.

"दाब आता."

प्लगावर टच्च करून निळी ठिणगी पडली.

पॉइंटावर मात्र काही नाही. तिथं आता गारठा पडल्यासारखं झालं होतं.

"इथली ठिणगी गेली कुठं?"

"ह्यानं गिळली."

"गिळायला काय बासुंदी हाय?" शिवगोंडा हसायला गेला. हसू आलं नाही.

"हा हितली गिळतोय, म्हणून तितं पडतीय. रोजची गिळतोय. आणि एक दिवस आतल्या आत जळून जातोय. वरनं काय कळत न्हाई, डबी तशीच दिसतीय."

शिवगोंडानं गोणपाट फेकलं. प्लग बसवला, गाडीवर चढला, किक मारली. बुलेट पहिल्याच किकला धडधडू लागली. स्टँडावरची दोनचार माणसं वळून बघायला लागली. एरवी ह्या वेळी त्यानं कॉलर ताठ केली असती.

तो तसाच बसून राहिला. मग त्यानं गाडी बंद केली.

खाली उतरून तो वस्तादांसमोर उकिडवा बसला.

"दुकानात आता चिटपाखरू येत न्हाई, वस्ताद. घरातबी तेच. मी शिरलो की बायको उठून आत जातीय. समद्यांवर उडतोय मी... आण्णा हुता तवर असं हुईत नव्हतं."

वस्तादांनी पडलेलं गोणपाट उचलून झटकलं.

"मी दोनदा गेलतो संकेश्वरला. च्या दिला. पोराबाळांची खुशाली विचारली. दुकानाचं नाव काढलं न्हाई. रागावला असता तरी बरं हुतं... राग न्हाईच त्याच्यात. कायच न्हाई त्याच्यात आता."

"हं..."

"तुम्ही चला माझ्यासंगट. तुमचा शब्द त्यानं कधी खाली पडू दिला न्हाई. पाय धरतो मी त्याचं, माणसं गोळा करून धरतो. येईल न्हवं? ...वस्ताद, येईल न्हवं आण्णा?"

वस्तादांनी काढलेला जुना कंडेन्सर उचलला. शिवगोंडाच्या तळव्यावर ठेवला, आणि त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"ह्याचं एक बरं असतंय, शिवगोंडा... हा बाजारात नवा मिळतोय."