सातव्या कुत्रीचा मालक

घरटी दोनच कुत्री, असा नगरपालिकेचा नियम, आणि हौसाबाईच्या अंगणात निघाली सात. परवाना निरीक्षक खरमाटे पिंजऱ्याची गाडी घेऊन आले नि गल्लीदेखत गरजले, “मावशी, दोन ठेवा. पाच गाडीत घाला.”

“यातलं माझं एकही नाही, साहेब. म्हातारी झाली म्हणून लोकांनी माझ्या दारात टाकलीत. फाटक उघडते. जे ज्याच्याकडं जाईल, त्याच्याकडं परवाना मागा.”

“उघडा की,” खरमाटे हसले.

एक वाण्याच्या पायरीवर जाऊन बसलं, दुसरं मास्तरांच्या. बाकीचीही आपापल्या जुन्या घरांकडं निघाली, तशी बघ्यांनी पटापट दारं लावली. शेवटी सातवी, एक आंधळी कुत्री, वास घेत आली आणि खरमाट्यांच्या बुटावर हनुवटी टेकून बसली. गेल्या साली त्यांनीच तिला पोत्यातून इथं आणून सोडलं होतं.

“परवान्यावर हिचं नाव काय लिहायचं, साहेब?”

“सोनी,” खरमाटे पुटपुटले. नाव ऐकून ती शेपूट हलवायला लागली. पिंजरा रिकामाच परतला, पण साहेबांची मान काही वर होईना.