आधीचा मालक

एकदा एक घोड्यांचा व्यापारी आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला दंडाला धरून नदीकाठच्या वृद्ध आचार्यांकडे घेऊन आला. खेळता खेळता मुलाने शेजारच्या पोराच्या तोंडावर दगड घातला होता आणि त्या पोराचा डोळा कायमचा गेला होता. का मारलास, असे पंचांनी विचारले तेव्हा त्याला काही सांगता आले नाही. आचार्य हमी देत असतील तर हा गावात राहील, नाहीतर त्याने गाव सोडावे, असा निर्णय पंचांनी दिला होता.

"नाव काय तुझं, बाळ?" आचार्यांनी विचारले.

मुलाने तोंड उघडण्याआधीच व्यापारी म्हणाला, "हा काय सांगणार, महाराज? दोन ठेवून दिल्याशिवाय तोंडातून शब्द फुटत नाही त्याच्या. मी काही कमी केलेलं नाही. चुकला की चाबूक, आणि दुसऱ्या दिवशी नवा सदरा, पेढे. तरी हा असा निपजला."

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण त्या गृहस्थाला पाठ असावी. आपल्या आडात काय साठले आहे, हे मात्र त्याने कधी वाकून पाहिले नव्हते.

आचार्यांनी मुलाला उपदेश केला नाही. त्यांनी त्याला भिंतीशी बसवले आणि व्यापाऱ्याशी घोड्यांच्या गप्पा सुरू केल्या. जवळ उभ्या असलेल्या शिष्याला हे खटकले. एका पोराचा डोळा गेला आहे, दुसऱ्याचे गाव सुटायची वेळ आली आहे, आणि गुरुजी घोड्यांविषयी बोलत बसले आहेत, हे त्याला काही पटेना.

"शेठजी, नवा घोडा घेताना तो मारका आहे की नाही, हे कसं ओळखता?"

व्यापारी खुलला. "सोपं आहे. त्याच्या कानाजवळ सहज हात न्यायचा. चांगला घोडा नुसता बघतो. मार खाल्लेला असला तर मान झटकतो, नाहीतर चावायलाच येतो."

"मग त्या घोड्याला दोष देता?"

"छे. मुक्या जनावराला काय दोष? मी विचारतो, आधीचा मालक कोण होता."

आचार्य उठले. मुलाच्या डोक्यावरच्या कोनाड्यात पाण्याचा तांब्या होता. तो घेण्यासाठी त्यांनी हात उचलला, आणि त्याच क्षणी मुलाने डोळे गच्च मिटून मूठ फिरवली. ठोसा आचार्यांच्या तोंडावर बसला. ओठ फुटला. मुलगा आपल्याच मुठीकडे घाबरून पाहत राहिला.

व्यापारी संतापून पुढे आला. त्याने मुलावर हात उगारला. आचार्यांनी तो हात धरला नाही. उपरण्याने रक्त टिपत ते म्हणाले, "शेठजी, आता मी विचारू? आधीचा मालक कोण होता?"

हात तसाच वर राहिला.

"त्याला मी दिसलोच नाही," आचार्य म्हणाले. "दिसला तो फक्त वर गेलेला हात. इतकी वर्षं त्या हाताखाली तो अंग चोरून राहिला. आता दंडात बळ आलंय, म्हणून मार बसायच्या आधी मारायची घाई करतो. लोक ह्याला उद्दामपणा म्हणतात. मला ही भीती दिसते. आणि तुमच्या पेढ्यांनी त्याला एवढंच शिकवलं, की माराची भरपाई करता येते. त्या पोराच्या डोळ्याची भरपाई कशानं करणार?"

"तो चेंडू मागत होता," मुलगा पुटपुटला. "हात वर करून. चेंडूच मागत होता."

व्यापाऱ्याने उगारलेला हात खाली घेतला. त्याने विचारले, "महाराज, ही खोड जाईल का?"

"माहीत नाही. मारका घोडा तुम्ही पुढच्या बाजारात विकून टाकता. ह्याला कुठं विकणार? मुलाची हमी मी देतो, पंचांना तसं सांगा. पण तुमच्या हाताची हमी कोण देणार?"

व्यापाऱ्याने खाली मान घालून नमस्कार केला.

परतताना त्याने मुलाचा दंड धरला नाही. शिष्य दारात उभा राहून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होता. वाट अरुंद होती, तरी मुलगा वाट सोडून काट्याकुट्यांतून चालत होता, बापाचा हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर.