कोऱ्या खिळ्यांचे कपाट

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत. या गोष्टीतला शिष्य मीच आहे. पण सारखे 'मी, मी' लिहायला संकोच वाटतो, म्हणून त्याला शिष्यच म्हणतो.

एकदा एक शिष्य पंचांगाच्या छापखान्यात कामाला होता. आधी तो बांधणीच्या टेबलावर कागदांच्या घड्या घालीत असे. तिथल्याच एका जुन्या संगणकावर तो बघून बघून शिकला आणि पुढे त्याने एक प्रोग्राम लिहिला. पंचांगाच्या सगळ्या फाइली एका संगणकात राहत. अकरा जणांपैकी ज्याला जी फाइल हवी, ती हा प्रोग्राम त्याच्या संगणकावर पोचवीत असे.

दोन वर्षे ठीक चालले. तिसऱ्या वर्षी पंचांगात रंगीत चित्रे आली, फाइली जड झाल्या. अकराही जण एकदम कामाला बसले की सगळे पडदे गोठून जात.

"झोपला रे तुझा प्रोग्राम पुन्हा!" कुंदाताई ओरडत. संगणकावर पाने जुळवण्याचे काम त्यांचे. जीभ तिखट, पण डबा उघडला की पहिली पोळी शिष्याच्या हातावर ठेवीत. "उठव त्याला. नाहीतर यंदाचा पाडवा पुढच्या वर्षी करावा लागेल!"

मालक ओरडले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत बघतो. नाही जमलं तर बाहेरून तयार काहीतरी आणू. तू आपला बांधणीवर जा. तिथे तुझा हात चांगला बसलाय."

शिष्याला त्या शेवटच्या कौतुकानेच जास्त लागले.

छापखान्यात एक वृद्ध गृहस्थ होते. सगळे त्यांना फोरमनकाका म्हणत. शिशाचे खिळे हाताने जुळवून पंचांग छापले जाई, त्या काळी खिळ्यांच्या कपाटाची किल्ली चाळीस वर्षे त्यांच्या कमरेला होती. संगणक आले आणि अक्षरांचे खिळे वितळवायला गेले. कोरे खिळे तेवढे काकांनी मागून घेतले. कोरा खिळा कागदावर उमटत नाही. दोन आकड्यांमधली मोकळी जागा तो धरून ठेवतो. काका अजून रोज येत, मुद्रिते तपासत, आणि कागद उडू नयेत म्हणून त्यांवर तेच खिळे ठेवत.

शिष्याने त्यांना आपली अडचण सांगितली.

"काका, मेमरी म्हणजे संगणकाची कामाची जागा. तिचे सारख्या मापाचे तुकडे असतात, त्यांना पेज म्हणतात. कुणी फाइल मागितली की प्रोग्राम एक पेज मागून घेतो, ते भरतो, मग दुसरं मागतो. मोठ्या फाइलीला शेकडो वेळा. मेमरीच कमी पडत असणार. मालकांना वाढवून मागू का?"

"मला तुझं यंत्र कळत नाही," काका म्हणाले. "कुंदा, तूही ये जरा. आणखी दोघांना घेऊन ये."

मागच्या खोलीत काकांनी चौघांच्या हाती एकेक लाकडी पेटी दिली. प्रत्येकीत तीस घरे. "प्रत्येक घरात एक कोरा खिळा हवा," ते म्हणाले आणि कपाटापाशी स्टुलावर बसले.

शिष्य पुढे झाला. काकांनी कुलूप उघडले, एक खिळा दिला, कुलूप लावले, किल्ली कमरेला खोचली. मग कुंदाताई. पुन्हा किल्ली, कुलूप, एक खिळा, कुलूप. चौघांची रांग लागली.

"यापेक्षा रॉकेलची रांग बरी होती हो काका," कुंदाताई म्हणाल्या. "तिथे निदान कॅन भरून मिळायचा!"

काका हसले नाहीत. अर्धा तास झाला. शिष्याच्या पेटीत नऊ खिळे होते.

"काका," तो अखेर कळवळून म्हणाला, "कपाट तर भरलेलं आहे! पेटीला तीस घरं आहेत, तीस एकदम द्या ना."

काकांनी किल्ली मांडीवर ठेवली. "मग तुझा प्रोग्राम का नाही मागत एकदम?"

शिष्याने आपल्या पेटीतली रिकामी घरे मोजली.

काकांनी त्याची उरलेली एकवीस घरे एका ओंजळीत भरून दिली. मग भरलेल्या पेटीतल्या तीसपैकी बावीस खिळे काढून टेबलावर मांडले आणि म्हणाले, "हे कामी लागले. आता पुढचं काम." शिष्य उरलेले आठ कपाटात परत टाकायला निघाला, तोच काकांनी त्याचे मनगट धरले.

"हे का परत करतोस? आत्ता लागतीलच. बावीस घरं रिकामी झाली, बावीसच माग." क्षणभर ते कपाटाकडे बघत राहिले. "पहिली दहा वर्षं मी असाच एकेक खिळा देत होतो. किल्ली माझ्याकडे, म्हणजे मी मोठा. पंचांगाचे दिवस आले की खिळे जुळवणारे जुळारी इथे दारात उभे असायचे. एक दिवस त्यांच्यातला सगळ्यांत वयस्कर माणूस म्हणाला, 'खिळे पुष्कळ आहेत हो फोरमन, आमचा दिवस तुमच्या दारात जातो.' तेव्हापासून रोज सकाळी मी प्रत्येकाच्या टेबलाशी जायचो, पेटीतली रिकामी घरं तेवढी भरायचो. कधी कपाटात कमी निघाले तर असतील तेवढे द्यायचो, थोड्या वेळाने पुन्हा जायचो. मग दिवसभर नुसता खिळ्यांचा आवाज, टिकटिक टिकटिक. कुलपाचा आवाज मी विसरूनच गेलो होतो. आज पुन्हा ऐकला."

त्यांनी किल्ली शिष्याच्या हातात दिली आणि ते मुद्रिते तपासायला गेले.

शिष्याने संध्याकाळपर्यंत प्रोग्राम बदलला. प्रत्येक मागणीपाठी एक पेटी केली. काम सुरू होण्याआधीच ती कोऱ्या पेजांनी एका दमात भरायची; काम झाल्यावर फक्त रिकामी घरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराही संगणक एकदम सुरू झाले. कुंदाताईंनी चैत्राची सर्वांत जड फाइल उघडली, मग लगेच वैशाखाची. मी कान देऊन उभा होतो. ओरडणे ऐकू आले नाही. बऱ्याच वेळाने त्या मान वर न करता म्हणाल्या, "उभा काय राहिलास? चहा सांग सगळ्यांना." मालक दारातून बघून गेले. बांधणीचे नाव त्यांनी काढले नाही.

काका अजून यायचे होते. त्यांच्या टेबलावर त्यांची जुनी पेटी होती. तिच्यात चार घरे रिकामी होती. मी मागच्या खोलीत गेलो, कुलूप एकदाच उघडले, आणि मोजून चार खिळे घेतले.